बंदी कागदावर, पुडी खिशात

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५७ वर्षांचे होते. अंजनीसारख्या लहानशा गावातून आलेला, साधी राहणी जपलेला हा नेता राजकीय विरोधकांनाही आपला वाटत असे. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाला ग्रामविकासमंत्री या नात्याने त्यांनी जी गती दिली, तिला तोड नाही. गावेच्या गावे हातात झाडू घेऊन बाहेर पडली, गटारे वाहती झाली, शौचालये उभी राहिली. महाराष्ट्राच्या खेड्यांत सार्वजनिक आरोग्याचे एवढे मोठे लोकशिक्षण क्वचितच झाले असेल. आणि या लोकशिक्षणाचा अग्रणी मुखाच्या कर्करोगाने गेला. त्यांची तंबाखूची सवय लपलेली नव्हती. राज्याने गुटख्यावर बंदी घातली त्या वेळी, म्हणजे जुलै २०१२ मध्ये, ते राज्याचे गृहमंत्री होते.

हे येथे सांगावयाचे ते एका दिवंगत नेत्याच्या सवयीकडे बोट दाखवण्यासाठी नव्हे. तसे करणे कृतघ्नपणाचे होईल. प्रश्न वेगळाच आहे. त्यांच्या भोवती वैद्य होते, सहकारी होते, अधिकारी होते, कार्यकर्ते होते. गावातील उकिरडा हटवण्यासाठी ज्या समाजाने त्यांच्या हाकेला ओ दिली, त्या समाजाला त्यांच्या गालातील तंबाखू मात्र कधी गैर वाटली नाही. गैर वाटणार तरी कशी? ती तर प्रत्येकाच्याच ओळखीची होती. शेताच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर, कचेरीच्या जिन्यात, लग्नाच्या मांडवात अनोळखी माणसाशी सलगी साधायची ती चुन्याची डबी पुढे करून. महाराष्ट्राचा खरा प्रश्न या सलगीत आहे.

काही आकडे प्रथम डोळ्यांखालून घालावे लागतील. प्रौढांमधील तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे थोडे, जेमतेम ३.८ टक्के. चघळणारे, दाताला लावणारे, गालात ठेवणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे दर चार माणसांत जवळजवळ एक. विडी-सिगारेटविरोधी फलक महाराष्ट्रात हव्या त्या भिंतीवर लावावेत. येथील रोग धुराचा नाही, गालाचा आहे. २००९-१० च्या पाहणीत एकूण प्रमाण ३१.४ टक्के होते, ते खाली आले, हे मान्य केलेच पाहिजे. बंदी अगदीच वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्याच पाहणीत पंधरा ते सतरा या वयातील मुलांमधील प्रमाण २.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर गेलेले दिसले. बाप सोडू लागला आणि मुलाने उचलले, असा हा हिशेब आहे.

जगात कोठेही नाही असे एक दुश्चिन्ह भारताच्या वाट्याला आले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे २०२२ या एका वर्षात जगभरात मुखाच्या कर्करोगाचे १ लाख २० हजार २०० रुग्ण झाले. त्यांपैकी ८३ हजार ४०० एकट्या भारतातील होते. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होणाऱ्या कर्करोगाला जगातील शल्यचिकित्सक ‘भारतीय मुखकर्करोग’ या नावानेच ओळखतात. योगासनांमुळे, आयुर्वेदामुळे भारताचे नाव जगात झाले याचा आनंद मानणाऱ्यांनी या दुसऱ्या नावाचीही नोंद ठेवावी.

हा कर्करोग त्याच खाचेत का होतो, याचे उत्तर गूढ नाही. तंबाखूचा बार तासन्‌तास तेथेच ठेवला जातो. चुन्यामुळे तोंडातील अस्तर सोलवटते आणि निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये त्याच जागी रोज झिरपत राहतात. सुपारीचे काम याहून कपटी. तिच्यातील अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतील मऊ त्वचेखाली तंतूंचे जाळे तयार होते, त्वचा पांढरट व ताठ होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. प्रथम तिखट सोसत नाही. मग भाकरीचा मोठा घास जात नाही. पुढे तोंडात दोन बोटेसुद्धा शिरत नाहीत. विशी-पंचविशीतील तरुण या अवस्थेत दंतवैद्याकडे येतो तेव्हा दात दुखतो म्हणून आलेला असतो. तोंड उघडत नाही हे त्याला रोगाचे लक्षण वाटलेलेच नसते. ताठ झालेले हे अस्तर पूर्ववत होत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका मोठा असतो. शस्त्रक्रियेत गालासह जबड्याचा तुकडा काढावा लागतो. माणूस वाचला तरी पूर्वीचा चेहरा राहत नाही.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली होती. ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, हे त्यामागील कारण. उत्पादकांचे नामांकित वकील जिंकले, दोन वर्षे दबून बसलेली पुडी पुन्हा राजरोस टपरीवर लटकू लागली. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत एक साधे वाक्य घातले गेले : कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन हा घटक वापरता येणार नाही. एका वाक्याने जे घडले ते वर्षानुवर्षांच्या परिसंवादांनी घडले नव्हते. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने पहिले पाऊल उचलले, मागोमाग केरळ, आणि जुलैमध्ये महाराष्ट्र. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये या बंदीला स्थगिती देण्यास नकार दिला. कायद्याची बाजू भक्कम झाली.

यानंतर जे सुरू झाले त्याला भारतीय बुद्धिमत्तेचा दुरुपयोग यापलीकडे नाव नाही. गुटखा म्हणजे पानमसाला अधिक तंबाखू. तेव्हा जेथे पानमसाल्याला मोकळीक होती तेथे उत्पादकांनी एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही एकाच दोरीला शेजारी शेजारी टांगलेल्या, दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करायच्या की झाला गुटखा! कायद्याने बंद केलेला पदार्थ ग्राहकाने स्वतःच्या हाताने तयार करायचा. या युक्तीची दखल सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०१६ मध्ये घ्यावी लागली आणि नियमाचे पालन करण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले. महाराष्ट्रात दोन्ही पुड्यांवर बंदी. म्हणून येथे माल चोरवाटेने येतो. पोलीस अधूनमधून एखादा टेंपो पकडतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते, लाखोंचा मुद्देमाल जप्त झाल्याचे छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर, फक्त दोन-पाच रुपये अधिक मोजून, तीच पुडी मिळते. ग्रामीण भागात तर मावा आणि विदर्भात खर्रा यांना कारखानाही लागत नाही. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना टपरीवरच घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधला जातो. ज्या पदार्थाचे उत्पादन रस्त्याच्या कडेला, सर्वांदेखत चालते तो अन्न व औषध प्रशासनाला दिसत नाही, यावर विश्वास कोणी ठेवायचा?

आणि जाहिरात? २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात निषिद्ध आहे. म्हणून तेच नाव, तोच रंग, तेच अक्षर घेऊन वेलदोडा विकला जातो. क्रिकेटच्या सामन्यात दर षटकानंतर वेलदोड्याची एवढी भलामण करण्याइतकी या देशाला वेलदोड्याची टंचाई कधीपासून भासू लागली, हे उत्पादकांनाच ठाऊक! अक्षय कुमार यांनी एप्रिल २०२२ मध्ये अशा एका जाहिरातीबद्दल जाहीर क्षमा मागून माघार घेतली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. इतर अनेकांना ती सद्बुद्धी झालेली नाही. ज्यांची छायाचित्रे मुले वहीवर चिकटवतात, त्यांनी मानधन घेताना आपण नेमके काय विकत आहोत हे विचारले नसेल, असे मानण्याइतके भाबडेपण बरे नव्हे.

या व्यापाराच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी पुढे केले जातात. पहिला महसुलाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ मध्ये तंबाखूजन्य आजार व मृत्यू यांमुळे देशाला १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपयांचा भार सोसावा लागला. उत्पादनशुल्काच्या रूपाने सरकारच्या हाती येणाऱ्या दर शंभर रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांची झळ बसते, असे तेच संशोधक सांगतात. असा धंदा कोणताही किराणा दुकानदार एक महिनाही चालवणार नाही. आयुर्विम्याचे सरकारी महामंडळ देशातील सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीचे एक प्रमुख भागधारक आहे, ही विसंगतीही येथेच नोंदवावी. एका खिडकीवर आयुष्याचा विमा, दुसरीकडे ते आयुष्य कमी करणाऱ्या मालातील नफा. पक्ष बदलले, सरकारे बदलली, ही विसंगती कोणालाही टोचली नाही.

दुसरा युक्तिवाद स्वातंत्र्याचा. ज्याला खायचे तो खाईल, सरकार कोण सांगणारे? पंधराव्या वर्षी मित्राने हातावर ठेवलेली पुडी तोंडात टाकणाऱ्या मुलाने कोणत्या स्वातंत्र्याचा वापर केला? निकोटिनची गुलामी जडल्यावर स्वातंत्र्याची भाषा करणे म्हणजे बेडी ठोकल्यावर कैद्याला तुरुंग पसंत आहे का, असे विचारणे होय.

तिसरा युक्तिवाद रोजगाराचा. तो मात्र गंभीर आहे, आणि आरोग्याची मोहीम चालवणाऱ्यांनी त्याची हेटाळणी करू नये. सोलापुरात घरोघर विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. सीमाभागातील निपाणीच्या परिसरात तंबाखू हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे नगदी पीक. १९८१ मध्ये याच निपाणीत तंबाखूला भाव मिळावा म्हणून आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. ज्या शेतकऱ्याला तंबाखूचा रास्त भावही या देशाने सुखासुखी दिला नाही, त्याच्या पोटाचे नाव पुढे करून गुटखासम्राट स्वतःचे साम्राज्य वाचवतात, हा मोठा दांभिकपणा आहे. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तुटपुंजी मजुरी आणि तंबाखूच्या धुरळ्याने जडणारा खोकला येतो. तिला दुसरा उद्योग देणे हे सरकारचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. ते पार पाडले नाही, म्हणून तिच्या नावाने विष विकण्याचा परवाना कोणाला मिळत नाही.

या व्यवहाराची आणखी एक बाजू आहे. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये एका मोठ्या गुटखा उत्पादकाला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. २००२ साली दाऊद इब्राहिमच्या टोळीला कराचीत गुटख्याचा कारखाना उभारण्यास साहाय्य केल्याचा तो खटला होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्यांच्याच शहरात खपणाऱ्या पुडीचे धागेदोरे कोठपर्यंत जात होते, हे न्यायालयाच्या निकालातूनच समजून घ्यावे.

मात्र परक्यांकडे बोट दाखवून थांबणे सोपे आहे. आपल्याच घरात एक कठीण प्रश्न पडलेला आहे, आणि तो ‘आपल्या परंपरे’चा. तंबाखू ही आपली जुनी चाल, विडा तर देवालाही लागतो, असे सांगणारे वडीलधारे प्रत्येक गावात भेटतात. तंबाखूपुरता हा दावा सपशेल खोटा आहे. ती अमेरिकेतली वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना रत्नजडित हुक्का आणि तंबाखू घेऊन दरबारात गेला. बादशहाने एक-दोन झुरके घेताच दरबारी हकिमाने अडवले. आपल्या कोणत्याही ग्रंथात याचा उल्लेख नाही, आपल्या जाणत्यांनी हे पारखलेले नाही, मग ते कसे घ्यावे, असा त्याचा आक्षेप. असद बेगचे उत्तर मोठे मासलेवाईक होते : फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, त्यांनी पारखलेच असेल! चारशे वर्षांनंतरही युक्तिवाद तोच आहे. बादशहाने पुन्हा हुक्का घेतला नाही, पण सरदारांनी तो उचलला. जहांगीरने १६१७ मध्ये मनाई केली, तीही कागदावरच राहिली. बंदी आणि तिची पायमल्ली, दोन्हींचा इतिहास या भूमीत एवढा जुना आहे. (मिरची आणि बटाटाही त्याच गलबतांतून आले हे खरे. परके म्हणून त्याज्य, असे कोणी म्हणत नाही. मिरचीने कोणाचा जबडा कापावा लागत नाही, एवढाच फरक.)

सुपारीचे तसे नाही. ती आपली आहे, पूजेत आहे, लग्नाच्या बोलणीत आहे. गणपतीच्या मूर्तीच्या अभावी तिलाच गणपती मानण्याची पद्धत आहे. म्हणूनच २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेला विडा आणि केवळ सुपारी यांनाही निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तेव्हा अनेकांना तो आपल्या संस्कृतीवरील घाला वाटला. परंतु पुराव्याला धर्म नसतो. देवापुढे ठेवलेली सुपारी कोणी तोंडात टाकत नाही. ती तशीच तबकात राहते. नैवेद्याची आणि पूजाद्रव्याची गल्लत न करण्याइतका विवेक आपल्या पूर्वजांना होता. मुखवासाच्या नावाखाली कार्यक्रमानंतर सुगंधी सुपारीची ताटली फिरवणाऱ्यांनी तिथे बडीशेप ठेवली तर परंपरेचे काहीही बिघडत नाही.

मशेरीबद्दल तर बोलायलाच कोणी तयार नसते, कारण ती घराच्या आत आहे. भाजलेली तंबाखू कुटून तिने दात घासायचे; एकदा नव्हे, दिवसातून चार-पाच वेळा. ग्रामीण महाराष्ट्रात आणि मुंबईच्या वस्त्यांत ही सवय प्रामुख्याने स्त्रियांची. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, ‘दात घासणे’ म्हणतात. सासूने सुनेला लावलेली, पोटात गोळा येतो म्हणून सुरू केलेली, गर्भारपणातही न सुटलेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात गर्भारपणी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या बाळाला वजनाचा एकेक ग्रॅम मोलाचा, त्याच्याकडून जन्मापूर्वीच ही वसुली. माजघरात होणाऱ्या या हानीला आळा घालायला अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक येऊ शकत नाही. तिथे दुसऱ्या बाईनेच जायला हवे. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र येतात, त्या वेळी वाणाबरोबर ही एक गोष्ट बोलली गेली तर तिचा उपयोग शंभर भित्तिपत्रकांहून अधिक होईल.

हे घडू शकते का? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. म्हणजे काय होते आहे हे पन्नास वर्षांपूर्वीच आपल्याला ठाऊक होते. ते तेथेच थांबले नाहीत. केरळातील एर्नाकुलमसह तीन जिल्ह्यांतील ३६ हजार तंबाखूसेवकांना घरी जाऊन समजावले, चित्रपट दाखवले, वर्षावर्षाला तोंड तपासले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आढळले, की समजावलेल्यांपैकी अधिक लोकांनी सवय सोडली वा कमी केली, आणि एर्नाकुलममध्ये त्यांच्या तोंडातील कर्करोगपूर्व पांढरे चट्टेही घटले. कोट्यवधींचे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. शेजारी बसून सांगणे, पुन्हा जाऊन विचारणे, एवढेच. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने शासन व टाटा ट्रस्टच्या साहाय्याने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवले; तिथे गावाने बसून खर्राविक्री बंद करण्याचे ठरवले आणि अंमलाची जबाबदारी गावातील स्त्रियांनी स्वीकारली.

पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. दोन थेंबांसाठी घरोघर जाणाऱ्यांची फौज याच देशाने उभी केली. मग तंबाखूपुढे हात का टेकले? पोलिओच्या विषाणूला वकील नव्हता, जाहिरात संस्था नव्हती, निवडणूक निधी देणारा मालक नव्हता. आणि कोणी पाहुणा त्याला डबीत घालून आदराने पुढे करत नव्हता.

कर्करोगाची रुग्णालये उभारणे, रुग्णांच्या नातेवाईकांसाठी निवास बांधणे, रक्तदान शिबिरे भरवणे, ही कामे निष्ठेने चालवणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर नळी लावलेल्या नाकाने बसलेल्या माणसाला अन्न देणारे हात पवित्रच आहेत. पण त्याच हातांपैकी काही हात संध्याकाळच्या बैठकीनंतर तंबाखू मळताना दिसतात, तेव्हा गावातील पोरे ते बघत असतात. शिस्तीचा, निर्व्यसनीपणाचा पाठ देणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात डबी असेल, तर त्याच्या बौद्धिकाचे श्रोते त्या डबीकडेच पाहणार. ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. एकट्याने सुटत नसेल तर मदत मागण्यात कमीपणा नाही.

गुटखाबंदीचा आदेश कायद्यानुसार एका वेळी एका वर्षाचाच असतो. यामुळे २०१२ पासून तो नव्याने काढावा लागत आला आहे, आणि प्रत्येक नव्या आदेशाबरोबर वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी येते. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, हा केंद्राचा कायदा मात्र कायमचा आहे. शंभर यार्ड म्हणजे प्रौढ माणसाची साधारण सव्वाशे पावले. आपल्या गावच्या, आपल्या प्रभागातील शाळेच्या फाटकापासून ती मोजावीत, त्यांत किती टपऱ्या येतात ते लिहून काढावे, आणि तो कागद सरपंचाच्या, मुख्याध्यापकांच्या व ठाणेदाराच्या हाती देऊन त्याची पोच घ्यावी.